मदत हवी आहे: जुना टेम्पो एक्स्चेंजमध्ये दिला, टॅक्सचं कसं करायचं?

नमस्कार मंडळी, आमची इचलकरंजीत छोटी बेकरी आहे. २०१९ ला ७ लाखाचा टेम्पो घेतलेला, दरवर्षी १५ टक्के घसारा (वापरामुळे कमी होणारी किंमत) लावून मार्च २०२५ ला वह्यांत २.६४ लाख उरला. आता त्याचे ३.१० लाख धरून डीलरने साडेनऊ लाखाचा नवीन दिलाय आणि वर म्हणतो वह्यांत फक्त ६.४० दाखवा, बाकीचं एक्स्चेंजमध्ये गेलं! मला हे पटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याच ब्लॉकमधून (एकाच दराने घसारा लागणाऱ्या मालमत्तांचा गट) ३.१० वजा आणि पूर्ण साडेनऊ जमा, म्हणजे २.६४ च्या वर मिळालेल्या ४६ हजारावर इन्कम टॅक्स आत्ता लगेच नाही, पुढे घसारा तेवढा कमी मिळणार, बरोबर ना?

खरं डोकं जीएसटीने खाल्लंय. जुना घेताना कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची सोपी जीएसटी योजना) होतो म्हणून क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं नव्हतं, आता रेग्युलर आहे. मग १८ टक्के फक्त त्या ४६ हजारावर ना, म्हणजे आठ हजार तीनशेच्या आसपास? पूर्ण ३.१० वर लागला तर मेलोच. आणि डीलरच्या नावाने बिल मीच फाडायचं का, कारण त्याने नुसत्या एका चिठ्ठीवर गाडी ठेवून घेतलीय.

दसऱ्याला गाडी मिळाली असती तर मार्चअखेरपर्यंत १८१ दिवस, म्हणजे पूर्ण घसाऱ्यापुरते, भरत होते, पासिंग रखडलं आणि धनत्रयोदशीला हातात आली, त्यामुळे यंदा घसारा अर्धाच. ते असो. कोणी असं केलं असेल तर एंट्री कशी टाकली तेवढं सांगा, आमचे सीए फोनच उचलत नाहीत.