वादात समोरच्या माणसाची तक्रार करावी की करू नये?

कोरी पाटी (सदस्याचे टोपणनाव; मूळ मांडणी)

मागच्या आठवड्यात सक्तीच्या मतदानावर आपली चर्चा झाली. ती ज्यांनी शेवटपर्यंत पाहिली, त्यांना हा विषय का काढला हे वेगळे सांगायला नको. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका सदस्याने असे मांडले, की ऑस्ट्रेलियात १९२२च्या निवडणुकीत साठ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले होते, १९२४ साली मतदान कायद्याने सक्तीचे झाले आणि १९२५च्या निवडणुकीत ते नव्वद टक्क्यांच्या वर गेले. तेव्हा सक्तीने आकडा वाढतो एवढे मान्य करून पुढचे बोलू. त्यावर पहिले उत्तर आले ते 'तुम्ही स्वतः शेवटचे मतदान कधी केले?' असे. दुसरे होते 'यांची ही सवयच आहे', आणि तिसऱ्याने तर त्या सदस्याच्या जुन्या मतांची उजळणीच सुरू केली. मग मांडणाराही चिडला आणि त्याने तिघांच्या स्वभावाचा पंचनामा केला. त्यापुढे मतदानाबद्दल कोणी एक वाक्यही बोलले नाही.

माझे म्हणणे कदाचित टोकाचे वाटेल, पण मांडतो: चर्चेत समोरच्या माणसाविषयी तक्रार करूच नये, ती खरी असली तरी करू नये. आकडा चुकला असेल तर तो चुकला हे दाखवता येते, आणि दाखवल्यावर सांगणाऱ्याला तो मागेही घेता येतो. 'तुम्ही दुराग्रही आहात' या विधानाचे मात्र कोणी काय करायचे? नाकारले तर तोच दुराग्रहाचा पुरावा ठरतो आणि मान्य केले तर बोलण्याचा अधिकारच जातो. ज्याला उत्तरच नाही असा आरोप करणारा माणूस चर्चा जिंकत नाही, तो ती बंद पाडतो. माझा अनुभव असाही आहे, की ही तक्रार बहुधा आपल्याजवळचे मुद्दे संपत आले की सुचते.

उलटतपासणी

मी पूर्णपणे असहमत आहे. हा नियम ऐकायला सात्त्विक आहे; पण त्याचा सगळा फायदा कोणाला होईल याचा विचार आपण केलेला दिसत नाही. जो माणूस प्रश्न टाळतो, दुसऱ्याच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालतो, अडचणीत आला की विषय बदलतो, त्याला यापेक्षा सोयीचा नियम मिळणार नाही. तो आपले उद्योग करत राहणार आणि सभ्य माणसे 'आपण मुद्द्यावर बोलू' म्हणत दमून घरी जाणार. सभ्यांच्या गप्प बसण्यालाच पुढे सहमती समजले जाते.

वादशास्त्राची आपली जुनी परंपराही याच्या उलट आहे. तर्क आणि वाद यांवरचा प्राचीन संस्कृत ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांत मूळ प्रतिज्ञा, म्हणजे आपण मांडलेले म्हणणे, सोडणे आहे, भलत्याच विषयात शिरणे आहे, आणि 'मला आता काम आहे' असे सांगून वादातून काढता पाय घेणेही आहे. शेवटच्या प्रकाराला विक्षेप म्हणतात आणि तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. याच यादीत 'पर्यनुयोज्योपेक्षण' नावाचे एक निग्रहस्थान आहे: समोरचा दोषात सापडलेला असताना तो दोष न दाखवणे. म्हणजे जे मौन आपण सद्गुण म्हणून सुचवता, ते त्या यादीत हरण्याचे कारण आहे.

कोरी पाटी

यादी आपणच काढलीत हे बरे झाले, कारण त्याच सूत्रात पर्यनुयोज्योपेक्षणाच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही पाहावे लागेल. त्याच्या लगेच पुढे 'निरनुयोज्यानुयोग' येतो: जिथे दोष नाही तिथे दोष लावणे, आणि ही देखील हारच. त्याच्या लगेच आधी 'मतानुज्ञा' आहे: आपल्यावरचा आक्षेप न खोडता 'हा दोष तुमच्याही पक्षात आहे' असे म्हणणे, असे म्हणणारा आपल्या पक्षातला दोष कबूल करून बसतो. 'तुम्ही स्वतः कधी मतदान केले?' हा प्रश्न मला त्याच घरातला वाटतो. ज्याने हयातीत एकदाही मतदान केलेले नाही, त्याने सांगितलेला १९२५चा आकडाही खराच असतो.

शिवाय त्या बावीसांत उर्मट, आळशी, अमक्या गटाचा, असे माणसाचे एकही विशेषण नाही; जे आहे ते केलेल्या चालीचे नाव आहे. आपण मात्र चालीला नाव देण्याऐवजी माणसाला नाव ठेवतो. (हे वाक्य लिहिताना मागच्या आठवड्यातली माझी स्वतःची दोन उत्तरे आठवली, हेही कबूल करतो.)

साशंक

दोघेही प्राचीनांना जरा जास्तच सोज्ज्वळ करून सांगत आहात. त्याच न्यायसूत्रांत वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) आणि वितंडा (स्वतःचे काही न मांडता नुसते खोडण्यासाठी) असे कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार आहेत, आणि जल्प व वितंडा कशासाठी, तर बीजातून फुटलेल्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यांच्या चर्चेचे मैत्रीची आणि झगड्याची असे सरळ दोन प्रकार केले आहेत, आणि झगड्याच्या चर्चेला उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ, कमी की बरोबरीचा, हे जोखायला सांगितले आहे. ज्याचे वाचन कमी त्याला लांबलचक सूत्रपाठाने दडपावे, चिडक्याला दमवावे, भित्र्याला घाबरवावे, असा सल्लाही तिथे आहे. माणूस बाजूला ठेवून निव्वळ मुद्द्याशी लढणारे कोणते सुवर्णयुग आपण शोधत आहात, ते मला दिसत नाही.

माझा आक्षेप त्याहून साधा आहे. चाल आणि माणूस इतके सहज वेगळे होत नाहीत. एकदा शब्दाचा विपर्यास केला तर ती चाल झाली. तोच माणूस दहाव्यांदा करतो तेव्हा ती त्याची सवय असते, आणि ती सवय नव्याने आलेल्यांना ठाऊक असणे गरजेचे असते. वाक्छलाचे, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ घेण्याचे, जुने उदाहरण सर्वांना माहीत आहे ('नव' म्हणजे नवा आणि नऊही): 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे त्याच्याजवळ नवी कांबळ आहे असे कोणी म्हणावे आणि दुसऱ्याने 'याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत?' म्हणून अडवावे. पहिल्यांदा हसू येते. दर वेळी कांबळी मोजत बसणाऱ्याशी मात्र कांबळीच्या मुद्द्यावर किती दिवस बोलायचे?

मधला बाक

तिघांचेही वाचले. तक्रार करावी की नाही, यावर आपण भांडतो आहोत. ती कोणी करावी हा प्रश्न अजून कोणी विचारलाच नाही. उलटतपासणी यांनी ज्या पर्यनुयोज्योपेक्षणाचा आधार घेतला, त्याविषयी न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे सांगतो, की हा दोष परिषदेने, म्हणजे वाद ऐकणाऱ्या सभेने, दाखवायचा असतो. कारण उघड आहे: जो हरला आहे तो 'मी चुकलो होतो आणि तुम्हाला ते दिसले नाही' असे सांगून आपली लंगोटी आपल्याच हाताने कशाला उघडी करील? म्हणजे त्या व्यवस्थेत भांडणाऱ्या दोघांखेरीज तिसरा कोणीतरी गृहीत होता.

आधुनिक उदाहरण ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे देता येईल. तिथे सदस्य एकमेकांना थेट संबोधत नाहीत, सगळे बोलणे अध्यक्षांना उद्देशून होते, आणि दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हटले तर तो शब्द मागे घ्यायला सांगितले जाते. तिथली माणसे आपल्याहून शांत असतात असे नव्हे. ते अजिबात खरे नाही. राग मात्र तिसऱ्या माणसाच्या कानावरून जातो आणि तेवढ्यात त्याची धार थोडी बोथट होते. आपल्या चर्चेत फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच असतो, म्हणून प्रत्येक तक्रारीला प्रतितक्रार मिळते.

उलटतपासणी

मधला बाक यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. तिसरा माणूस तटस्थ असतो हे गृहीतक फार मोठे आहे. जुना, लाडका, चार जणांच्या ओळखीचा सदस्य बोलला की त्याला 'स्पष्टवक्ता' म्हणतात आणि तेच नव्याने आलेला बोलला की तो 'उद्धट' ठरतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की परिषदेवर सोपवू म्हणताना माझा हात अडखळतो. आणि कोरी पाटी यांना एवढेच सांगायचे आहे, की 'तक्रार करूच नये' या आपल्या मूळ वाक्यापासून आपण 'चालीची करावी, माणसाची करू नये' इथपर्यंत सरकला आहात. प्रतिज्ञा बदलण्यालाही यादीत नाव आहे.

कोरी पाटी

आहे, आणि ते मला लागू पडते. प्रतिज्ञांतर मान्य. 'करूच नये' हे मागे घेतो. 'कोणत्या वाक्यात काय केले ते दाखवून करावी' इथे मी उभा आहे. साशंक यांच्या दहाव्या वेळेला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही. दहाव्या वेळीही वाक्यच दाखवावे असे मला वाटते, पण त्यात दमायला होते हे खरे.

आता मागच्या आठवड्यात राहून गेलेला प्रश्न पुन्हा विचारतो. मतदान गुप्त असल्यामुळे ऑस्ट्रेलियात प्रत्यक्षात सक्ती होते ती केंद्रावर येऊन नाव तपासून घेण्याची आणि मतपत्रिका घेण्याची. आत जाऊन ती कोरी टाकली तरी कोणाला कळत नाही. मग नव्वद टक्क्यांच्या त्या आकड्यातून आपण मतांची वाढ मोजतो आहोत की हजेरीची?

साशंक

हजेरीची. पण कोरी किंवा बाद मते वेगळी मोजली जातातच, तेव्हा ती वजा करून बोलू. माझा अंदाज असा आहे, की वजा केल्यावरही वाढ बरीच उरेल आणि त्यामुळे सक्तीच्या विरोधातल्या माझ्याच बाजूची अडचण होईल.