दोन आरसी (रिमोटवरच्या) ग्लायडरचा खरा ग्लाइड मोजायचाय, काय घेऊ? (बजेट ₹२,५००, सोलापूर)

ज्वारीचं_रान
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन मीटर पंखाचं फोमचं इलेक्ट्रिक ग्लायडर आहे. मित्राने तेवढ्याच पंखाचं बाल्साच्या हलक्या लाकडाचं बांधलंय आणि तेच लांब जातं असं तो छातीठोकपणे सांगतो. मला आकडा हवाय: एक मीटर उंची खर्च करून कुठलं किती मीटर पुढे जातं. उंची आणि वेग नोंदवणारं काही सुचवा. बजेट २,५००, त्याच्या वर जमणार नाही. उडवायला मंगळवेढ्याला मामाचं रान आहे, ज्वारी काढून झालीय. मित्र रविवारपर्यंतच आहे, मग पुण्याला जाणार.

बाल्सावाला
टेलिमेट्रीवाला (उडताना आकडे खाली पाठवणारा) व्हेरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र, आणि हवेतला वेग मोजणारा पिटो नळीचा एअरस्पीड सेन्सर घे. माझे रिसीव्हर धरून बारा हजारांच्या आसपास गेले, पण वेग, उंची, सिंक रेट (खाली येण्याचा वेग) सगळं ट्रान्समीटरवर बोलून दाखवतो. स्वस्तातलं घेऊन परत खर्च करण्यापेक्षा एकदाच चांगलं घे. आणि बाल्साच जिंकणार, लिहून ठेव.

होटगी_रोड
मंगळवेढ्याला कशाला जाताय ओ? होटगी रोडला माळ मोकळाच आहे की. आम्ही पतंग तिथंच उडवत मोठे झालो.

नियम_आधी
होटगी रोडला विमानतळ आहे आणि आता तिथून विमानं उडतात. ड्रोन नियम २०२१ बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत आणि त्यापुढे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा उघडून बघा.

होटगी_रोड
विमानतळासाठी कारखान्याची चिमणी पाडली, आता पोरांचे ग्लायडरपण बंद करा.

नियम_आधी
चिमणीचा इथे काय संबंध? समोरून प्रवासी विमान उतरत असताना खाली कोणी ग्लायडर उडवू नये, एवढंच म्हणतोय.

भरारी_७७
नान्नजचा माळ बघा, झाड नाही की झुडूप नाही.

नियम_आधी
ते माळढोक अभयारण्य आहे! तिथे तर मुळीच नको. मंगळवेढा बरोबर आहे, विमानतळाच्या टप्प्याबाहेरही आहे आणि सपाटही.

भरारी_७७
बरं. माझा अनुभव सांगतो. ऑनलाइन जीपीएस लॉगर मागवला, आठवड्यात बंद पडला, विकणाऱ्याने परत घेतला नाही. बंद पडायच्या आधी भर दुपारच्या एका उड्डाणात ग्लाइड ४० दाखवला होता. वर घारी घिरट्या घालत होत्या, म्हणजे थर्मलच (वर चढणारी गरम हवा) होतं. फोमच्या ग्लायडरला ४० कुठून येणार? एएसके-२१ सारख्या माणूस बसायच्या ग्लायडरचा कंपनीचा आकडा ३४ आहे.

शांत_हवा
भरारींनी मुद्द्याला हात घातला. यंत्रापेक्षा हवा महत्त्वाची. समजा तुझं ग्लायडर सेकंदाला १० मीटर पुढे जातं आणि ०.६ मीटर खाली येतं. ग्लाइड झाला साधारण १७. आता हवाच सेकंदाला फक्त ०.२ मीटर वर जात असेल तर तो दिसेल २५ आणि तेवढीच खाली जात असेल तर १२.५. एवढी हालचाल अंगाला जाणवतही नाही. म्हणून सूर्य वर यायच्या आत उडव, काळी जमीन तापायला लागली की थांब. ग्लायडरच्या चाचण्या घेणारे टेक्सासचे डिक जॉन्सन पहाटेच्या शांत हवेत ग्लायडर उंच ओढून नेत आणि ठरावीक वेग धरून सिंक मोजत. कंपनीच्या आकड्यापेक्षा त्यांचा आकडा बऱ्याचदा कमी यायचा.

जीपीएस जमिनीवरचा वेग देतो, हवेतला नाही. सेकंदाला २ मीटर वारा समोरून असेल तर वरच्याच ग्लायडरचा ग्लाइड १३ दिसतो, पाठीमागून असेल तर २०. त्यामुळे जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी उडव आणि सरासरी काढ.

तुला तर फक्त तुलना हवीय. मग दोन्ही एकाच वेळी, एकाच उंचीवर, शेजारी-शेजारी सोडा. जर्मनीत इडाफ्लीग या विद्यार्थ्यांच्या ग्लायडर गटांच्या संघटनेची मंडळी असंच करतात. ज्याची कामगिरी माहीत आहे अशा ग्लायडरशेजारी नवं ग्लायडर उडवतात आणि दोघांच्या उंचीतला फरक मोजतात. दोघांना हवा तीच मिळते. खर्च शून्य.

बाल्सावाला
तेच म्हणतोय, हवा शांत पाहिजे. पण एअरस्पीड सेन्सरशिवाय आकडा म्हणजे अंदाजपंचे.

सोल्डर_आणि_चहा
२,५०० मध्ये होतं की. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), बीएमपी२८० (हवेच्या दाबावरून उंची काढायचा सेन्सर) आणि निओ-६एम जीपीएस, वर मेमरी कार्ड. बीएमपी२८० एक मीटरच्या आसपासचा फरक ओळखतो. त्यावर उजेड पडला की रीडिंग हलतं, म्हणून काळ्या स्पंजचा तुकडा लाव, पण हवा जाऊ दे. चालू करून दहा मिनिटं तसाच ठेव, मग उडव.

आणखी एक. सेन्सर प्रमाण हवेचं (आपल्यापेक्षा थंड) तापमान धरून उंची काढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेही २६ अंश असतं, त्यामुळे उंचीतला फरक साधारण पाच टक्के कमी दिसतो आणि ग्लाइड तेवढा फुगतो. भर दुपारी ४० अंशाला दहा टक्के. एकाच पहाटे दोन्ही मोजलीस तर तुलना बिघडत नाही.

बाल्सावाला
प्रॉप बघितलास का? मोटर बंद केल्यावर फोल्डिंग प्रॉपची पाती बॉडीला चिकटली पाहिजेत. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ब्रेक ऑन नसेल तर प्रॉप फिरत राहतो आणि सगळा ग्लाइड खातो. दोन्हीचे ब्रेक तपास, नाहीतर पंखांची नाही, प्रॉपची तुलना होईल.

भरारी_७७
आणि पहाटेच जा.

ज्वारीचं_रान
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रेकचं डोक्यातही नव्हतं, आजच तपासतो. व्हेरिओ बजेटबाहेर आहे. पण जोडीनेही उडवणार नाही. एक मी उडवणार, एक तो. मग फरक ग्लायडरचा की हाताचा, हे कसं ठरवायचं? शिवाय जोडीने फक्त कोण जिंकलं ते कळेल आणि मला वेगवेगळ्या वेगांना सिंक किती ते हवंय. म्हणून ईएसपी३२ चा एकच लॉगर करतोय, तोच दोन्हीत बसवणार आणि दोन्ही मीच उडवणार. ट्रिमच्या (स्टिक न धरता वेग कायम ठेवणाऱ्या सेटिंगच्या) तीन खाचा ठरवून स्टिकला हात न लावता सरळ जाऊ देणार. क्रम फोम, बाल्सा, बाल्सा, फोम, म्हणजे मधल्या वेळात हवा हळूहळू बदलली तरी दोघांना सारखीच वाटून जाईल.

शांत_हवा
एकच पायलट हे पटलं. तरी शेवटी एकदा जोडीने सोडाच, रविवारनंतर मित्र मिळणार नाही.

बाल्सावाला
लॉगरसकट दोन्हीचं वजन आणि सीजी (गुरुत्वमध्य) लिहून ठेव. नाक जड असेल तर शेपटीचा एलिव्हेटर वर ट्रिम करावा लागतो आणि त्याचा ड्रॅग (हवेचा अडथळा) आकड्यात येतो. फाइल इथे टाक.