परभणीचा उन्हाळा, पाच फूट उंची आणि पोटाकडे भरलेला बांधा : कपडे कसे निवडावेत?

प्रश्न (शिक्षिका, परभणी जिल्हा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४६, उंची जेमतेम पाच फूट, खांदे अरुंद आणि शरीराचा सारा भार पोटाभोवती, असा माझा बांधा आहे. मार्चमध्ये आमची शाळा सकाळची होते खरी, परंतु सुटते तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर असते आणि त्या उन्हात निम्मे अंतर बसने व निम्मे स्कुटीवर कापून मला घरी यावे लागते. काळ्या रंगात माणूस बारीक दिसतो असे ऐकून गेल्या वर्षी मी तीन काळे, सरळ कापाचे तयार कुर्ते घेतले. पोटावर बसावेत म्हणून मोठ्या मापाचे घेतले, तर त्यांचे खांदे दंडावर उतरले आणि घामाने आतले अस्तर अंगाला चिकटू लागले. बारीक दिसणे दूरच, मी थकलेली आणि अजागळ मात्र दिसू लागले.

शिक्षकांच्या पेहरावाबाबत मार्च २०२४ मध्ये आलेल्या सूचनांनुसार आम्हा शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी चालते, पण गडद रंग व नक्षीचे कापड टाळावे लागते. त्यामुळे उभ्या रेघा वापरण्याचा नेहमीचा सल्लाही माझ्या उपयोगाचा नाही. माझ्या जाऊबाई बिनबाह्यांचे कुर्ते सुचवतात. त्याने खरोखर गारवा वाटतो का? घरात आणखी एक अडचण अशी की माझी मुलगी उंच आणि काटकुळी आहे, तिच्या अंगावर कोणताही सुती कुर्ता खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. अक्षय्य तृतीयेनंतर घरात लग्न आहे, तेव्हा पैठणीचा प्रश्नही उभा राहणारच.

उत्तर (शिलाईकाम करणारी, नांदेड)

ताई, गेली बावीस वर्षे मी मशीनवर बसते आहे आणि आपल्यासारख्या बांध्याच्या बायकांची फसगत नेहमी एकाच जागी होताना पाहते. त्या पोटाचे माप धरून कुर्ता घेतात. वास्तविक कुर्ता अंगावर पेलला जातो तो खांद्यावर; खांदा आणि मुंढा (बाही जोडायचा घेर) नेमका बसला की खालचा सैलपणा ऐटदार दिसतो आणि तो उतरला की तोच सैलपणा गबाळा दिसतो. म्हणून कापड घेऊन कुर्ता शिवून घ्यावा, खांदा हाडावर बसवावा, मुंढा फार खोल करू नये (खोल मुंढ्याने हात वर करताच सगळा कुर्ता वर ओढला जातो, आणि आपल्याला तर फळ्यावर लिहायचे असते) आणि पोटासाठी लागणारी जागा बाजूच्या कळ्यांतून (बाजूला जोडलेल्या, खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यांतून) काढावी. कळीच्या कुर्त्यात पुढचा पट्टा सरळ खाली येतो, घेर बाजूंना सुटतो आणि पोट व कापड यांच्यामध्ये वारा खेळतो. नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण मीटर कापड जास्त लागते, तेवढे सोसावे.

आमच्या नांदेडची खादी राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी सर्वत्र ओळखली जाते; पण अंगावर घालायची खादी निवडताना पातळ पोताची निवडा, जाड खादी पोटावरून फुगते. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवायलाच हवे, कारण ते आटते. शिंप्याला आत इंचभर माया (शिवणीआतले जादा कापड) ठेवायला सांगा. पुढेमागे वजन कमी-जास्त झाले तर कुर्ता उसवून सुधारता येतो. कुर्त्याची उंची गुडघ्याच्या जरा वर संपवावी आणि सलवार शक्यतो त्याच रंगाची असावी. दोन रंगांनी शरीर मधोमध तुटते आणि कमी उंची आणखी कमी वाटते. फिकट पिस्ता, बदामी, आकाशी हे रंग सूचनांत बसतात आणि उन्हालाही बरे.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका, लातूर)

वरील उत्तरातील खांद्याचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. घेराविषयी मात्र मी सावध करीन. पाच फूट उंचीला फार कळ्या दिल्या तर बाई भोपळ्यासारखी दिसते, हे मी स्वतःवरून सांगते.

माझा कौल साडीला आहे. नारायणपेठ आज तेलंगणात असले तरी निजामाच्या राजवटीत ते आणि आपण एकाच संस्थानात होतो, आणि तिथली सुती साडी मराठवाड्यातल्या घराघरांत रुळलेली आहे. घेताना काठ अरुंद पाहावा. रुंद काठ ठेंगण्या अंगावर पायाशी आडवी भिंत उभी करतो. खळ अगदी हलकी द्यावी, कारण कडक खळीची साडी कमरेभोवती उभी राहते आणि वजन नसलेल्या जागीही वजन दाखवते. परकर घेरदार न घेता सरळ कापाचा, सुती घ्यावा, निऱ्या बारीक घालाव्यात, पदर खांद्यावर पिनेने बसवावा आणि ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत ठेवावी.

लग्नातील पैठणीबद्दल एवढेच, की रेशीम आणि जर मे महिन्याच्या दुपारी सोसत नाही. मुहूर्त गोरज असेल तर नेसावी. दुपारचा असेल तर अक्षता पडेपर्यंत नेसून जेवणापूर्वी सुती साडी नेसण्यात कसलाही कमीपणा नाही. आमच्याकडे आता बहुतेकजणी हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत.

उत्तर (वस्त्ररचनेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

बिनबाह्यांच्या कुर्त्याबद्दल माझे मत वेगळे आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असते. अशा वेळी उघडा हात स्कुटीवर गार होत नाही, उलट ऊन आणि झळ दोन्ही शोषतो. आपली हवा कोकणासारखी दमट नसल्यामुळे घाम चटकन वाळतो आणि त्या वाळण्यानेच गारवा मिळतो. त्यासाठी सैल, लांब बाहीचे सुती कापड उत्तम. आपल्या काळ्या कुर्त्यांच्या बाबतीत रंगाइतकाच दोष अस्तराचा असावा. आतल्या शिवणीजवळच्या कापडाच्या कडेतून (शिलाईचा दोरा नव्हे) एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेयॉनही सुतासारखेच जळते, त्यामुळे ते या परीक्षेत ओळखू येत नाही; पण ते मऊ पडते, अंगालगत सरळ उतरते, आणि पोटाकडच्या बांध्याला वाईट दिसत नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र सगळे उलटे करावे. तिला मऊ रेयॉन देऊ नये; अंगभूत ताठरपणा असलेले कापड, म्हणजे लिनन किंवा खळीचे सुती, घ्यावे. गळ्याशी किंवा छातीखाली चुण्या, आडव्या रेघा, कुर्ता आणि सलवार वेगवेगळ्या रंगांचे, हे सारे तिला शोभेल. लिननला सुरकुत्या पडतात, त्या पडू द्याव्यात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. धागा जाळून पाहिला. वरचे कापड राख झाले आणि अस्तराचा मणी झाला. तिन्ही कुर्त्यांचे अस्तर आता उसवून टाकले आहे, ते हिवाळ्यात सुती समिजवर घालीन. शाळेसाठी दोन कळीचे कुर्ते आणि एक अरुंद काठाची नारायणपेठी एवढे ठरले आहे. भोपळा होऊ नये म्हणून शिंप्याला कळी नेमकी कुठून सुरू करायला सांगू?

उत्तर (शिलाईकाम करणारी, नांदेड)

पोट जिथे सर्वांत पुढे येते, त्याच्या चार बोटे वर. दोन्ही बाजूंना एकेकच कळी ठेवा, म्हणजे लातूरच्या बाईंचेही समाधान होईल. मापे देताना श्वास ओढून धरू नका.