रेव्हिट आणि एन्स्केपसाठी संगणक घ्यायचाय, सोलापुरात काय घ्यावं?

जिना_आणि_जाळी:
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं छोटं आर्किटेक्ट ऑफिस आहे. आजवर बंगले, रो-हाउस, दुकानगाळे सगळं ऑटोकॅडवर निभावलं. आता विजापूर रोडवर एका हॉस्पिटलचं काम आलंय, तळमजला अधिक चार मजले. स्ट्रक्चर आणि एमईपीचे (वीज, पाणी, एसी) कन्सल्टंट पुण्याचे आहेत, त्यांना रेव्हिट मॉडेलच हवंय, म्हणजे नुसती रेखाटनं नाही तर इमारतीचं पूर्ण थ्रीडी मॉडेल. आमची फाइल आत्ताच ३५० एमबी झालीये, त्यांच्या जोडलेल्या फाइली (लिंक) वेगळ्या. माझ्या १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सेक्शन उघडला की ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. थ्रीडी फिरवताना रेषा थरथरतात. क्लायंटला एन्स्केपमध्ये (मॉडेलच्या आत फिरवून दाखवणारं सॉफ्टवेअर) वॉकथ्रूही दाखवायचाय.

बजेट सव्वा लाख, मॉनिटर आहे. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत: एक, जुनं वर्कस्टेशन, झिऑन २६८० व्ही४ चे दोन प्रोसेसर म्हणजे २८ कोअर, ६४ जीबी रॅम आणि क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड. दोन, आरटीएक्स ४०५० वाला गेमिंग लॅपटॉप. तो म्हणतो, २८ कोअरपुढे काही टिकणार नाही. घेऊ का?

हुतात्मा_स्लीपर:
माझा भाऊ मॅकबुकवर व्हिडिओ एडिट करतो, अजिबात अडकत नाही. बघा एकदा.

बीम_कॉलम:
मॅक नको. रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, आणि विंडोजमध्येही इंटेल किंवा एएमडीच. स्नॅपड्रॅगनवाले नवे लॅपटॉपही यासाठी चालणार नाहीत.

ताई, झिऑन अजिबात घेऊ नका. कारण नीट सांगतो, कारण हाच सौदा सोलापुरात बऱ्याच ऑफिसांच्या गळ्यात पडलाय. रेव्हिटमध्ये भिंत हलवली की तिला चिकटलेली दारं, खोल्या, सीलिंग, डायमेन्शन, शेड्यूल हे सगळं एकामागून एक हिशोबून निघतं. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढचं मांडता येत नाही, त्यामुळे ते काम बहुतांशी एकाच कोअरवर होतं. उरलेले सत्तावीस बसून राहतात. २६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३. आजचा रायझन ७ ७७०० एका कोअरवर ५.३ पर्यंत जातो, शिवाय दर गिगाहर्ट्झमागे कामही जास्त करतो. वर आणखी एक अडचण: त्या झिऑनला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

घरी बसून पडताळून बघा. मॉडेल अडकलं की टास्क मॅनेजर उघडा. सोळा थ्रेडचा (एका वेळी सोळा कामं हाकणारा) प्रोसेसर असेल तर एकूण सीपीयू सहा-सात टक्क्यांवर दिसेल. माणूस म्हणतो मशीन तर रिकामं आहे, मग अडकलं कशाला? सोळापैकी एकच थ्रेड पूर्ण जुंपलेला असतो, एवढंच.

जास्त कोअर कामी येतात ते व्ही-रेसारखं रेंडरिंग (मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणं) सीपीयूवर करताना. तुमचं एन्स्केप ग्राफिक्स कार्डावर चालतं, म्हणजे तोही मुद्दा नाही.

चादरीचा_माग:
क्वाड्रो मात्र चांगलं असतं हां. सर्टिफाइड कार्ड आहे, रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या यादीत असतं. गेमिंग कार्ड हे खेळायला.

बीम_कॉलम:
सर, यादीत असणं वेगळं आणि या कामाला उपयोगी पडणं वेगळं. रेव्हिटच्या नेहमीच्या व्ह्यूला ४ जीबीचं बऱ्यापैकी कार्ड पुरतं. २०२६ च्या आवृत्तीत ग्राफिक्स कार्डावर जास्त भार टाकणारी सोय आलीये, पण ती चाचणी स्वरूपात. कार्डाची खरी परीक्षा एन्स्केप, ल्युमियन, डी५ अशा रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथे कार्ड ताजं हवं आणि त्यावरची मेमरी भरपूर हवी. हॉस्पिटलच्या लॉबीत झाडं, माणसं, फर्निचर टाकलं की ४ जीबी बघता बघता भरते. त्याच पैशात जुनं क्वाड्रो घेण्यापेक्षा आरटीएक्स ५०६० घ्या, ८ जीबी मिळते. पुढे ओढाताण करून ५०६० टीआय १६ जीबी जमलं तर एन्स्केपसाठी ते केव्हाही उजवं. पण त्यासाठी रॅम कापू नका.

वरचा_मजला:
खरेदीच्या आधी एक विचारते. सर्व्हेयरची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) मॉडेलमध्ये इम्पोर्ट केलीये की लिंक? आणि ती यूटीएम कोऑर्डिनेट्सवर (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारे आकडे) आहे का?

जिना_आणि_जाळी:
इम्पोर्ट आहे. आणि हो, यूटीएमच. का हो?

वरचा_मजला:
मग रेषा थरथरण्यात मशीनचा दोष कमी असेल. सोलापूर यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, इथलं नॉर्दिंगच (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) साडेएकोणीस लाख मीटरच्या घरात असतं. म्हणजे सर्व्हेच्या रेषा फाइलच्या उगमबिंदूपासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर लांब. रेव्हिटला २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या पुढे अचूकता सांभाळता येत नाही. चित्र दातेरी होतं, स्नॅप चुकतो, हॅच बिघडतो. कितीही महागडं मशीन आणलं तरी ते तसंच राहणार.

आधी ऑटोकॅडमध्ये प्लॉटचा एक कोपरा शून्य-शून्यवर आणा, त्याचे खरे आकडे लिहून ठेवा. नको असलेले लेअर आणि हॅच पुसा. मग रेव्हिटमध्ये लिंक करा, इम्पोर्ट नको. खरे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये द्या. त्यानंतर पर्ज अनयूझ्ड (न वापरलेलं सगळं काढून टाकणारी आज्ञा) चालवा. आणि सॅनिटरी कंपन्यांच्या साइटवरून उतरवलेल्या फॅमिली (नळ, बेसिनसारख्या वस्तूंची तयार मॉडेलं) एकेक करून तपासा. एका नळात स्क्रूचे आटेसुद्धा मॉडेल केलेले असतात, आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये असे शंभर-दीडशे नळ लागणार.

जिना_आणि_जाळी:
वरचा_मजला ताई, मनापासून आभार! लिंक करून, पर्ज करून फाइल २३० एमबीवर आली आणि थरथर पूर्ण गेली. सेक्शन मात्र अजून जड उघडतात, एन्स्केप तर चालूच होत नाही. म्हणजे मशीन लागेलच. रॅम किती? लॅपटॉपचं काय? साइटवर न्यायला बरा पडेल असं वाटतं.

बीम_कॉलम:
रॅमचा जुना ठोकताळा म्हणजे फाइलच्या वीस पट. २३० आणि लिंकचे धरा २००, म्हणजे साडेआठ-नऊ जीबी नुसतं रेव्हिटला. वर विंडोज, ऑटोकॅड, एन्स्केप, क्रोम. १६ मध्ये बसत नाही, ३२ मध्ये मोकळं बसतं. भाव २०२५ च्या अखेरीपासून भडकलेत, तरी इथे हात आखडू नका. १६ च्या दोन पट्ट्या जोडीने घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल चालेल. आठच्या चार नकोत, डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग उतरतो. पुढे ६४ हवी झाली तर ही जोडी काढून ३२ ची जोडी टाकायची. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई घ्या. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीवर थांबते, एनव्हीएमई तिच्या कितीतरी पुढे. पण सगळ्यात महाग एनव्हीएमई घेऊन रेव्हिटमध्ये फारसा फरक दिसणार नाही, तिथे पैसे वाचवा.

होटगी_रोडवाला:
लॅपटॉपबद्दल मी सांगतो, साइटवर माझा तोच धंदा आहे. नाव तेच असलं तरी लॅपटॉपचं कार्ड डेस्कटॉपसारखं पळत नाही. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये एका कंपनीने ४५ वॅटवर बांधलेलं असतं, दुसरीने ११५ वर, आणि डब्यावर ते मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. ४०५० ला तर मेमरीच ६ जीबी. त्यात आपला उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, पत्र्याच्या साइट ऑफिसात त्याहून जास्त. प्रोसेसर पंच्याण्णव-शंभर अंशांना पोचला की स्वतःच वेग उतरवतो. माझा लॅपटॉप दुपारी नुसता तापायलाय, सकाळचं काम तो तीनला करत नाही.

डेस्कटॉप घ्या. साइटवर दाखवायला एन्स्केपमधून ३६० अंशांचे पॅनोरामा काढा आणि मोबाइलवर दाखवा. डॉक्टर मंडळींना फोनवर ऑपरेशन थिएटर फिरवून बघायला जास्त आवडतं, हा माझा अनुभव आहे.

आणि डेस्कटॉपला कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं बंद नको. जाळीमागचा फिल्टर महिन्याला झटका, आपल्याकडची धूळ बारीक असते.

चादरीचा_माग:
पटलं. यूपीएसचंही सांगा कोणीतरी, आमच्याकडे दिवे जरा मिचमिचले की मशीन रीस्टार्ट होतं.

होटगी_रोडवाला:
५०६० कार्ड १४५ वॅट, प्रोसेसर ९० च्या आसपास, बाकी धरून तीनशे वॅट मोजा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटचा असतो, म्हणजे अगदी काठावर. १००० किंवा ११०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह घ्या, जमलं तर प्युअर साइन वेव्ह, कारण चांगल्या एसएमपीएसला (संगणकाचा पॉवर सप्लाय) चौकोनी वेव्ह मानवत नाही. मुळात आधी अर्थिंग बघा. कॅबिनेटला हात लावून मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियन आधी, संगणक नंतर.

जिना_आणि_जाळी:
ठरलं तर: रायझन ७ ७७००, बी६५० बोर्ड, १६ च्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ५०६०, जाळीचं कॅबिनेट, ६५० वॅटचा एसएमपीएस. इथे नवी पेठेत विचारते, नाहीतर मामा सिकंदराबादला आहेत, तिथल्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून मागवू का?

बीम_कॉलम:
यादी चोख आहे. ७७०० सोबत एएमडीचा कूलर डब्यातच येतो, सुरुवातीला पुरेल. बोर्ड एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची जागा) असल्यामुळे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल. सिकंदराबादला भाव थोडा कमी पडेल, पण कार्ड बिघडलं तर ते घेऊन कोण जाणार? फरक चार-पाच हजारांचा असेल तर इथेच घ्या. बिल ऑफिसच्या जीएसटी नंबरवर करा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, त्यापुढे असे फरक बुडून जातात. बिलावर कार्ड, बोर्ड, एसएसडी प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहून घ्या.

मशीन लावल्यावर मॉनिटरची केबल खाली, आडव्या खाचांमधल्या ग्राफिक्स कार्डाला जोडलीये ना, ते बघा. वर मदरबोर्डालाही तसंच एचडीएमआय असतं. मी गेल्या पावसाळ्यात एका ऑफिसात गेलो होतो, नवं कार्ड घेऊनही एन्स्केप रखडत होतं, केबल वरच्या भोकात होती.

जिना_आणि_जाळी:
नक्की बघते. सोमवारी कोटेशन येईल, इथेच टाकते. दर जास्त वाटला तर सांगा.