आधी औषध विचारा, मग व्यायाम ठरवा
‘मधुमेही असेल तर हलका व्यायाम द्यावा, बस्स’ हा ट्रेनरना दिलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. आधी औषध कोणतं ते विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल आणि साखर ९० मिग्रॅ/डेलिच्या खाली असेल, तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं, मग व्यायाम. ७० च्या खाली गेली की लगेच थांबवून १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरचं औषध) घेणाऱ्याची साखर उतरल्यावर होणारी धडधड, थरथर दबते. घाम मात्र सुटतो आणि तो व्यायामाचाच समजून ट्रेनर फसतो. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच स्क्वॉट्स केले तर ते झपाट्याने शोषलं जातं आणि साखर घसरू शकते. आणि डोळ्यांच्या पडद्याला गंभीर इजा असेल तर श्वास रोखून जड वजन उचलायला लावूच नका, आत रक्तस्राव होऊ शकतो.