कोकणातील जांभ्या जमिनीसाठी ह्युमिक घ्यावे की फुल्विक? जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमची थोडी बागायत आहे. वर सड्यावर कातळ फोडून केलेल्या खड्ड्यांत बाहेरची माती भरून लावलेली हापूसची कलमे आहेत, घराजवळ काजूच्या कलमांची पिशव्यांतली लहान रोपवाटिका आहे आणि खाली पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) नारळ आहेत. पावसाळा ओसरल्यावर या तिन्ही ठिकाणी ह्युमिक किंवा फुल्विक ॲसिड (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील आम्ले) द्यावे असा विचार आहे. परंतु कृषी सेवा केंद्रात दर वेळी वेगळेच पाकीट हाती पडते आणि त्यावरचा टक्का आधीच्यापेक्षा चढा असतो.

वाचनातून जे समजले ते थोडक्यात मांडतो, चुकत असल्यास दुरुस्त करावे. लिग्नाइट (तपकिरी कोळसा) किंवा लिओनार्डाइट (त्याचाच हवेने झिजलेला प्रकार) पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवले की पोटॅशियम ह्युमेट मिळते. त्यात आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणला की खाली बसणारा काळा साका म्हणजे ह्युमिक ॲसिड, तर वर उरलेल्या पिवळसर-तपकिरी द्रावणात फुल्विक राहते. फुल्विक कोणत्याही सामूला विरघळलेले राहत असल्यामुळे ते फवारणीसाठी आणि ह्युमिक आळ्यात ओतण्यासाठी, अशी ढोबळ विभागणी केली जाते.

दोन नमुने घरी तपासून पाहिले. चमकदार काळ्या पापुद्र्यांचा नमुना काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवला, तेव्हा पाणी गर्द तपकिरी झाले, पण तळाशी बोटाला खरखरीत लागणारा गाळही राहिला. पाकिटावर मात्र ठळकपणे ‘९८ टक्के’ असे छापलेले होते. दाणेदार नमुन्याचा काळा रंग पाण्यात धुऊन गेला आणि आतून बेंटोनाइट या चिकणमातीची करडी गोळी निघाली.

माझी खरी शंका याहून मूलभूत आहे. एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने ९ लाख किलो धरले, तर १ टक्का सेंद्रिय कर्ब म्हणजे ९,००० किलो कर्ब झाला. अशा जमिनीत एकरी एक-दोन किलो ह्युमेट टाकून ‘जमीन सुधारते’ हा दावा कसा मान्य करावा? आमच्या मातीचा सामू ५.५ च्या आसपास आहे आणि स्फुरद दिले तरी ते लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांशी बांधले जाते, ही जांभ्या जमिनीची जुनी तक्रार आहेच. तेव्हा पाकिटावरचा टक्का नेमका कशाचा मानावा, तिन्ही ठिकाणी एकच उत्पादन चालेल का, आणि काही जुन्या आंब्यांना पॅक्लोब्युट्राझोल (मोहोरासाठी वाढ आवरणारे रसायन) दिले जाते त्यांच्या आळ्यात ह्युमिक घालावे का, याबद्दल प्रत्यक्ष वापर केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपला हिशोब योग्य आहे. एवढ्याशा मात्रेने जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढत नाही. ते काम शेणखताचे आणि पालापाचोळ्याचे. ह्युमिकचा जो काही उपयोग होतो तो मुळांची, विशेषतः केशमुळांची, वाढ चेतवण्यात आणि अन्नद्रव्ये विरघळलेली ठेवण्यात. म्हणूनच केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती करून जैव-उत्तेजके (खत नसून पिकाची वाढ चेतवणारी द्रव्ये) त्याच्या कक्षेत आणली, तेव्हा ह्युमिक व फुल्विक ॲसिडचा समावेश त्यांत केला. पाकीट घेताना आधी या आदेशाखालील नोंदणीचा उल्लेख पाहावा. ‘९८ टक्के’ हा आकडा बहुधा पाण्यातील विद्राव्यतेचा असतो किंवा ओलावा वगळून काढलेला असतो. शिवाय रंगाच्या गडदपणावरून मोजणाऱ्या पद्धतीत आकडा फुगतो. ह्युमिक-फुल्विक मोजण्याच्या आयएसओ १९८२२ या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने केलेला अहवाल विक्रेता दाखवू शकला, तर त्या मालावर अधिक विश्वास ठेवता येईल. दाणेदार प्रकार मी तरी घेणार नाही, कारण त्यात आपण वाहतूक मुख्यतः मातीची करतो.

फुल्विकच्या नावाखाली लिग्नोसल्फोनेटही (कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातला उपपदार्थ) खपवले जाते. तेही आम्लात विरघळलेलेच राहत असल्यामुळे पेल्यातल्या चाचणीत ते सापडत नाही, तिथे प्रयोगशाळेशिवाय इलाज नाही.

आता आपल्या तीन जागांविषयी. पैसे मोजके असतील तर ते आधी रोपवाटिकेवर खर्च करावेत, कारण पिशवीतील माती थोडी असते आणि मुळांवरचा परिणाम तिथेच लवकर दिसतो; मात्र लेबलवरील मात्रेपेक्षा जास्त देऊ नये, जास्त मात्रेने मुळांची वाढ उलट खुंटते. सड्यावरच्या कलमांना स्फुरदयुक्त खतासोबतच्या हंगामात आळ्यात ह्युमेट दिल्यास लोह-ॲल्युमिनियमच्या ज्या जागा स्फुरद पकडतात, त्यांतील काही ह्युमिक अडवते. पण दोन्ही एका पिंपात कालवू नयेत. सुपर फॉस्फेट किंवा कॅल्शियम नायट्रेटबरोबर ह्युमेटच्या नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि ठिबकच्या तोट्या बुजतात. समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी जड असेल तर नुसत्या पाण्यातही हे घडू शकते. पुळणीत चिकणमातीच नसल्यामुळे विरघळलेले ह्युमेट धरून ठेवणारे फारसे काही नसते. तिथे नारळाची सोडणे आणि शेणखत आळ्यात पुरणे हाच आधीचा खर्च. पानांवर जस्त किंवा बोरॉनची कमतरता दिसत असेल तर त्या फवारणीत फुल्विक घालता येईल, केवळ फुल्विकची फवारणी मला अनाठायी वाटते.

पॅक्लोब्युट्राझोल साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दिले जाते आणि त्याचा हेतूच वाढ आवरण्याचा असतो. त्याच आळ्यात त्याच वेळी वाढ चेतवणारे द्रव्य ओतण्यात मला अर्थ दिसत नाही. तरुण कलमांना तर पॅक्लोब्युट्राझोल देऊच नये.

कोणतेही उत्पादन घेतले तरी कलमांची एक ओळ आणि पिशव्यांचा एक वाफा त्याशिवाय ठेवावा. बाकी खत-पाणी सारखेच द्यावे आणि काही पिशव्या फाडून दोन्हींकडची मुळे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. रोपवाटिकेपासून सुरुवात करतो आणि पुळणीतला विचार सध्या बाजूला ठेवतो. एक शंका उरते. सामू सुधारण्यासाठी सड्यावरच्या आळ्यांत चुना घालायचा आहे, आणि चुन्यातील कॅल्शियमशी ह्युमेटचे जमत नाही हे आता कळले. तर चुना आधी घालून ह्युमेट नंतरच्या हंगामात द्यावे, की थोड्या आठवड्यांचे अंतर पुरेसे होईल?