माणसांना रेणू म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

जुना मास्तर

विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या एका मुलाची पोस्ट काल दोघा-तिघांनी मला, म्हणजे समाजशास्त्राच्या मास्तराला, पाठवली, बहुतेक माझा रक्तदाब बघायला. म्हणणं असं की सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी, निवडणूक, अफवा, साथ, सगळं सांख्यिकी भौतिकीनं, म्हणजे असंख्य कणांचा एकत्र हिशेब करणाऱ्या फिजिक्सनं, सुटतं. माणसाच्या मनात काय आहे हे विचारायची गरजच नाही, कारण लाख माणसं जमली की वायूच्या रेणूंसारखीच वागतात. वर शेवटी टोला: "समाजशास्त्रवाले शंभर वर्षं निबंध लिहीत बसले, समीकरण आम्ही मांडलं."

मग निबंधच घ्या.

१८३५ मध्ये केतले नावाच्या बेल्जियन माणसानं लोकांच्या उंच्या, लग्नं, गुन्हे मोजून त्याला 'सामाजिक भौतिकी' म्हटलं होतं. त्याच्या कामावरचं खगोलशास्त्रज्ञ हर्शेलचं परीक्षण तुमच्या फिजिक्सच्या तरुण मॅक्सवेलच्या वाचनात आलं आणि १८६० मध्ये त्यानं रेणूंच्या वेगांची वाटणी मांडली. एकेक रेणू न मोजता झुंडीचा हिशेब करायची हिंमत तुम्हाला माणसांच्या आकडेवारीनं दिली, बाळा. आमचंच नेलं आणि आता आम्हालाच शिकवता.

पोस्टमध्ये अर्थशास्त्रज्ञ शेलिंगचं १९७१चं मॉडेल सोलापूरच्या पूर्व भागाला चिकटवलंय. दोन रंगांच्या सोंगट्या पटावर ठेवा, प्रत्येकीला थोडे शेजारी आपल्या रंगाचे हवेत एवढीच अट घाला, बघता बघता पट दोन रंगांत फाटतो. पट झकास आहे. पण पूर्व भागात पद्मशाली विणकर का वसले? माग घरातच, म्हणून घर आणि कारखाना एकच. तेलंगणातून एक आला, त्यानं मेहुण्याला बोलावलं, मेहुण्यानं गावाला. सोंगटीला माग नसतो आणि मेहुणाही नसतो.

फिजिक्सवाला पोरगा

सर, नमस्कार. पोस्ट माझीच. शेवटचं वाक्य डिवचायलाच होतं, ते लागलं हे दिसतंय.

माणूस म्हणजे रेणू असं कुणीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच की काही बाबतीत तपशिलानं फरक पडत नाही. द्रव-वायूचा क्रांतिक बिंदू घ्या, म्हणजे जिथं द्रव आणि वायू यांतला फरकच मिटतो, आणि एकाच अक्षावर वळणारं चुंबक घ्या. आत काहीही सारखं नाही, तरी त्या बिंदूजवळ बदल किती वेगानं होतो हे सांगणारे आकडे, म्हणजे घातांक, तेच निघतात. १९२५ मध्ये आयझिंगनं शेजारी शेजाऱ्याकडे बघून वर-खाली होणाऱ्या बाणांची (बाण म्हणजे चुंबकातला एकेक इवला चुंबक) रांग गणितानं सोडवली, रांगेत काही घडलं नाही. १९४४ मध्ये ऑनसागरनं तेच पटावर सोडवलं, तर ठरावीक तापमानाखाली बहुसंख्य बाण एका दिशेला झुकतात. कुणी हुकूम दिला? कुणीच नाही. हे बघितल्यावर निवडणुकीच्या आधीचा आठवडा आठवत नाही का तुम्हाला?

आणि २०२१चं फिजिक्सचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या पारिझींनी रोममध्ये पाखरांच्या थव्यांचे फोटो काढून काम केलंय. प्रत्येक पाखरू अंतर न बघता जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवरच लक्ष ठेवतं, हे २००८ मध्ये त्या गटानं दाखवलं.

माळावरचा

कसली पाखरं? भोरड्या का? मग आमचं पण नोबेल ठेवा की ओ एखादं. मंगळवेढ्याकडं ज्वारी निसवली की आम्ही माळ्यावर चढून गोफण फिरवालाव अन् रोममध्ये फोटो काढून बक्षिसं. दगड सुटला की कडेचं एक पाखरू वळतं, ते वळलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा ढग वळतो. अन् जातो कुठं? त्याच रानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. कणीस फोडून ठेवलं की त्याला कुठलं समीकरण लावणार?

प्राणिशास्त्र ताई

दादा, रोमची ती युरोपातली मैना, आपली भोरडी वेगळी. ती मध्य आशियाकडून येते आणि तिकडे पिल्लं वाढवताना टोळांवर ताव मारते, म्हणून शिव्या जरा जपून. गुणधर्म मात्र तोच, थवा तसाच वळतो.

मुद्द्यावर दोन्हीकडून बोलते. २००६ मध्ये सॅलमँडरच्या डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशींवर हेच आयझिंगचं गणित बसवलं. पेशी दोन-दोन घेऊन त्यांचे संबंध मोजले, तर लहान गटाचं बरंचसं वागणं तेवढ्यावर उलगडलं. मी वर्गात आवर्जून सांगते. पण पुढे काय झालं? ज्याला त्याला प्रत्येक जाळ्यात (नेटवर्कमध्ये) पॉवर लॉ दिसायला लागला, म्हणजे थोड्यांना भरमसाट जोडण्या आणि बाकीच्यांना मोजक्या, असा ठरावीक घाताचा नियम. १९९९ नंतर तर साथच आली. २०१९ मध्ये जवळपास हजार जाळी नीट तपासली, तेव्हा खरा काटेकोर पॉवर लॉ क्वचितच सापडला. लॉग-लॉग आलेखावर जाड मार्करनं काहीही सरळ दिसतं. पोरांनो, रेघ मारायच्या आधी चाचणी करा.

जुना मास्तर

ताई, आभार. आता गर्दी. पोस्टमध्ये आषाढीचं वाळवंट 'द्रव' म्हटलंय. कधी पालखीबरोबर चाललायस का? रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला नंबर. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड वर करतो आणि एवढा जमाव एका क्षणात गप्प होतो. तू म्हणशील प्रावस्था बदलली, पाण्याचं बर्फ व्हावं तशी. पण ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवत राहते, चोपदार तिथं जाऊन ऐकून घेईपर्यंत. तुझ्या बाणाला तक्रार करता येते?

फिजिक्सवाला पोरगा

शिस्त असते तोवर चोपदार, सर. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की चोपदाराचं कुणी ऐकू शकत नाही, पाय उचलायलाच जागा नसते. मक्केजवळ २००६ मध्ये चेंगराचेंगरी झाली, तिचं चित्रीकरण गर्दीचा अभ्यास करणाऱ्या हेल्बिंगच्या गटानं तपासलं. आधी संथ प्रवाह, मग थांब-चाल, मग लाटा, ज्यात माणूस स्वतःच्या इच्छेनं हलतच नाही. माणसं ढकलत नव्हती, ढकलली जात होती. दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्याआधी एवढं तरी कळावं ना?

जुना मास्तर

आणि २०१५ मध्ये तिथंच त्याहून मोठी चेंगराचेंगरी झाली. तेव्हा समीकरण रजेवर होतं? बाकी लाटांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, लिहून ठेव, रोज रोज म्हणणार नाही. जिथं माणसाला निवडच उरत नाही तिथं तुझं फिजिक्स चालतं. आमचं सगळं काम निवड उरते तिथं.

फिजिक्सवाला पोरगा

निवडीचंही गणित आहे. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: इतक्या लोकांनी केलं की मी करणार.

जुना मास्तर

अरे तो ग्रॅनोव्हेटर! १९७८! समाजशास्त्रज्ञ! शंभर माणसं, उंबरठे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत. पहिला दगड मारतो, त्याला बघून दुसरा, असं करत शंभरही सामील. आता ज्याचा उंबरठा एक आहे त्याचा दोन करा. दंगल एका माणसावर थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल एक गाव माथेफिरूंचं, दुसरं सज्जनांचं. फरक एका माणसाचा. निबंध लिहिणाऱ्यानं काढलंय हे, बरं का.

सात रस्ता

उंबरठा-बिंबरठा राहू द्या, आमच्या गल्लीत या. उजनीतनं पाणी येतं म्हणे, आमच्याकडं चार-पाच दिवसांआड, तेपण चावीवाला रात्री कधी सोडंल नेम नाही. आधी मीटरजवळ खड्ड्यात घागर लावली की भरायची. मग कोपऱ्यावरच्या बंगल्यानं थेट लाइनला मोटार जोडली. शेजारच्याचा नळ नुसता फुसफुस कराला, त्यानं लावली. मग पुढच्यानं. आता शेवटच्या घरातली म्हातारी नळाला बोट लावती तर बोट आत ओढतंय. पाणी नाही, उलटी ओढ. ह्याचं समीकरण मांडा बे.

टाकी तिसरा मजला

मोटार लावणारे सगळे चोर, असंच ना? माझी आई अंथरुणाला खिळलेली, टाकी वर. पाणी कसं चढवू, मंत्र म्हणून? पाणीपट्टी मीही भरतो.

सात रस्ता

चढवा की. खालच्या हौदातनं चढवा, लाइनीतनं कशाला ओढालाव? आई तुमची एकट्याचीच हाय काय? म्हातारीला पण कुणी तरी हाय.

टाकी तिसरा मजला

हौद बांधायला जागा द्या तुमच्या अंगणात. दुसऱ्याच्या घरात डोकावून शहाणपण शिकवणं सोपं असतं.

माळावरचा

शहरवाल्यांनो, उजनीत खेड्यांची रानं बुडाली अन् तुम्ही मोटारीवरनं भांडालाव. चालू द्या.

फिजिक्सवाला पोरगा

भांडू नका, हे ऐका. उंबरठ्यांची आयझिंगशी सोयरीक आहे. प्रत्येक बाणाला वेगळा हट्ट दिला आणि बाहेरचा दाब हळूहळू वाढवला, तर बाण एकेक न उलटता ढासळत उलटतात, हिमकडा कोसळल्यासारखे. आणि दाब काढून घेतला तरी त्याच वाटेनं परत येत नाहीत. याला हिस्टेरेसिस म्हणतात. म्हणजे उद्या रोज पाणी आलं तरी मोटारी निघणार नाहीत. मोटारी बसायच्या आधी जेवढं पाणी होतं, त्याहून बरंच जास्त यावं लागेल. हे ग्रॅनोव्हेटरच्या शंभर माणसांत दिसत नाही, सर.

जुना मास्तर

हे चांगलं सांगितलंस. पोस्टमध्ये हे लिहायचं सोडून टोमणे कशाला मारत बसलास देव जाणे.

पण म्हातारीकडे बघ. तुझ्या हिशेबात तिचा उंबरठा फार मोठा, सगळ्यांनी लावली तरी ती लावत नाही, म्हणजे भलतीच तत्त्वाची बाई. तिला जाऊन विचार. मोटारीला पैसे नाहीत आणि रात्री उठून बटण दाबायला घरात माणूस नाही. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणं हाच आमचा धंदा.

प्राणिशास्त्र ताई

सर, मग दोघं मिळून जा. गल्लीतली घरं क्रमानं लिहा, कुणी कधी लावली, का लावली. कागदावर इतकं स्वच्छ उदाहरण मिळत नाही.

फिजिक्सवाला पोरगा

मी तयार आहे. सर येणार असतील तर.

जुना मास्तर

येईन. प्रश्न मी विचारणार, तू फक्त लिहून घ्यायचं.

टाकी तिसरा मजला

माझ्या दारात सर्व्हेला येऊ नका. आणि एवढंच असेल तर काढतो मी मोटार. आधी कोपऱ्यावरच्यानं काढावी.

सात रस्ता

कोपऱ्यावरचा पण हेच म्हणालाय, आधी तुम्ही काढा म्हणून.